घोडी का खिंकाळली नाही?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा नीटनेटका केला आहे.)



सेक्रेटरींनी मला सांगितलं, "आप्पा, पंधरा-वीस मिनिटं बोला. विषय तुमच्या आवडीचा घ्या, फक्त मेंटेनन्सवर बोलू नका." त्यांची भीती रास्त आहे. पण मेंटेनन्सवर बोलणारे वक्ते आपल्याकडे भरपूर आहेत, त्यांच्या पोटावर मी पाय देणार नाही. मी आज खून या विषयावर बोलणार आहे.

घाबरू नका. खून स्वीडनमध्ये झालाय आणि तोही कादंबरीत. ही कादंबरी गेली दोन वर्षं आपल्या सोसायटीत या दारातून त्या दारात फिरते आहे. कालपर्यंत एकोणीस जणांनी ती वाचली किंवा ऐकली. काहींना वाटतं, म्हातारपणी आप्पांना हे काय सुचलं? देवाधर्माचं वाचायच्या वयात खुनाची पुस्तकं वाटत फिरतात! त्यांच्यासाठी हे भाषण.

रहस्यकथेचा नाद मला धुळ्यात शाळेत असताना लागला. साठचं दशक. आमच्या गल्लीत एका दुकानाच्या दोन फळ्यांवर भाड्याची लायब्ररी होती. दिवसाला पाच पैसे. पाच पैसे एकट्याला परवडायचे नाहीत म्हणून आम्ही चौघं मित्र मिळून एक पुस्तक आणायचो. एकाने सकाळी वाचायचं, दुसऱ्याने दुपारी, तिसऱ्याने संध्याकाळी, आणि चौथ्याने रात्री कंदिलाशी. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड आम्ही असे वाटून खाल्ले. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या, त्यामुळे माल संपण्याची भीती नव्हती. नंतर गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. घरात मोठी माणसं या पुस्तकांना नाकं मुरडायची, पण आमच्या पिढीतल्या कितीतरी पोरांना सलग दीडशे पानं वाचायची सवय याच पुस्तकांनी लावली.

पुढे बँकेत लागलो. चोपडा, शिरपूर, पारोळा, धुळे, जळगाव अशी नोकरी झाली. तुम्ही म्हणाल, बँकेचा आणि रहस्यकथेचा काय संबंध? ज्यांनी कॉम्प्युटर येण्याआधीची बँक पाहिली, त्यांना विचारा. संध्याकाळी जमा आणि नावे यांचा मेळ बसला नाही, सत्तावीस रुपयांचा फरक आला, की कोणी घरी जायचं नाही. आमच्या हेड क्लार्कने मला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं: फरकाला नऊने पूर्ण भाग जातो का बघ. जात असेल तर कुठेतरी आकडे उलटे पडलेत, त्रेसष्टचे छत्तीस झालेत. दोनाने जात असेल तर फरकाच्या निम्मी रक्कम शोध, ती जमेऐवजी नावे पडली असेल. रात्री साडेनऊला ती नोंद सापडली की जो आनंद व्हायचा, तो कुठल्याही डिटेक्टिव्हपेक्षा कमी नव्हता. आणि एक लक्षात यायचं, की चूक मोठ्या, घाईच्या खात्यात क्वचित असायची. ज्या खात्याकडे कोणी नीट बघत नाही, त्यात ती लपलेली असायची. हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता त्या पुस्तकाकडे येतो. माझी धाकटी बहीण धुळ्याला देवपुरात राहते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, स्वीडनमध्ये माल्मो शहरात नोकरीला आहे. दोन वर्षांपूर्वी तो सुटीवर आला, तेव्हा मामाच्या आवडीचं म्हणून एक इंग्रजी पुस्तक ठेवून गेला. बहिणीने ते कुरडया-पापडांच्या डब्याबरोबर पिशवीत घातलं आणि पारोळा-एरंडोल मार्गे एसटीने ते माझ्याकडे जळगावला पोचलं. पुस्तकाचं नाव 'फेसलेस किलर्स', म्हणजे चेहरा नसलेले मारेकरी. लेखक हेनिंग मँकेल. मूळ स्वीडिश पुस्तक १९९१ सालचं. गोष्ट घडते ती यिस्टाड नावाच्या बंदराच्या गावात, भाच्याच्या माल्मोपासून साठेक किलोमीटरवर. या गावाच्या नावाचा उच्चार आपल्या सोसायटीत आत्तापर्यंत पाच प्रकारे झालाय, मी तुम्हाला सहावा ऐकवतोय.

मे महिना होता. बाहेर पंचेचाळीस डिग्री. कूलर गरम वारा फेकत होता. आणि पुस्तकात जानेवारीची काळीकुट्ट, बर्फाळ पहाट. त्या भागात डिसेंबरात दिवस जेमतेम सात तासांचा असतो. दुपारी चारच्या आत अंधार. जळगावच्या मे महिन्यात ते पान वाचताना अंगावरून गार वारा गेल्यासारखं झालं. कूलरपेक्षा स्वस्त उपाय आहे हा, पाणी भरावं लागत नाही.

आता स्वीडनमध्ये खुनाची पुस्तकं इतकी का लिहितात, असा प्रश्न मलाही पडला होता. तो देश तर सुखी, श्रीमंत, जन्मापासून मरेपर्यंत सरकार काळजी घेणारा. याचं उत्तर मँकेलच्या आधी तिथल्या एका जोडप्याने देऊन ठेवलंय. माय शोवाल आणि पेर वाहलू. १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत दोघांनी मिळून मार्टिन बेक नावाच्या पोलीस अधिकाऱ्याच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या. रात्री मुलं झोपली की दोघं लिहायला बसायचे, एक प्रकरण याचं, एक तिचं. त्यांचा हिशेब साधा होता. वरून सगळं चकचकीत दिसणाऱ्या समाजात आत काय कुजतंय, ते बघायचं असेल तर गुन्ह्याच्या दारातून आत शिरा. तपास करणारा पोलीस प्रत्येक थराच्या माणसाच्या घरात जातो, वाचकही त्याच्या मागोमाग जातो. खुनी कोण, हा प्रश्न वाचकाला धरून ठेवण्यासाठी. खरा प्रश्न असा, की आपण एकमेकांबरोबर कसे राहतो आहोत?

मँकेल याच वाटेने गेला. तो बरीच वर्षं आफ्रिकेत मोझांबिकमध्ये नाटकाचं काम करायचा. तिथून परत आल्यावर आपल्याच देशात परक्या लोकांबद्दलचा राग वाढलेला त्याने पाहिला, आणि त्यावर लिहायला त्याला एक पोलीस अधिकारी हवा होता. त्याने टेलिफोन डिरेक्टरीतून आडनाव उचललं, वालँडर. कुर्ट वालँडर. हा आपल्या झुंजारसारखा देखणा, चपळ वगैरे नाही. वय चाळिशीच्या पुढे, बायको सोडून गेलेली, पोरगी धड बोलत नाही, खाणं वेळेवर नाही, वजन वाढतंय. माझ्या कितीतरी ब्रँच मॅनेजरांसारखा.

गोष्टीची सुरुवात सांगतो. शेवट सांगणार नाही, कारण नियम क्रमांक दोन. गावाबाहेर शेतात दोन घरं शेजारी शेजारी. दोन्ही घरांत म्हातारी शेतकरी जोडपी. १९९० च्या जानेवारीत एका पहाटे त्यातला एक म्हातारा जागा होतो. काहीतरी वेगळं वाटतंय, पण काय ते कळत नाही. आवाज नाही, किंकाळी नाही. तो खिडकीशी जातो, शेजाऱ्यांच्या घराकडे बघतो. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडी दिसते, एवढ्या थंडीत. आणि मग त्याच्या ध्यानात येतं, की शेजाऱ्यांची घोडी आज खिंकाळलेली नाही. रोज रात्री ती खिंकाळते, आज नाही. तेवढ्यावरून तो अंधारात उठून शेजारी जातो, आणि पुढचं भयंकर सगळं उघडकीला येतं.

मी ते पान वाचून पुस्तक मिटलं आणि जरा वेळ तसाच बसलो. कुठलाही आवाज झाला म्हणून नाही, रोजचा आवाज झाला नाही म्हणून एक माणूस उठतो. हे ऐकू यायला काय लागतं? शेजाऱ्याच्या घरातला रोजचा आवाज वर्षानुवर्षं कानात बसलेला असावा लागतो. मी मनातल्या मनात आपल्या बिल्डिंगचा हिशेब मांडला. माझ्या वर कोण राहतं, मला ठाऊक आहे. त्यांची गाडी कोणती, ती कुठे लावतात आणि कुठे लावायला नको, हे तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांच्या घरातला रोज सकाळचा आवाज कोणता? कुकरची शिट्टी किती वाजता होते? देवाची घंटा कधी?

पुस्तक संपवलं आणि ठरवलं, हे कपाटात ठेवायचं नाही. शेवटच्या कोऱ्या पानावर बँकेच्या सवयीप्रमाणे रकाने आखले: फ्लॅट नंबर, घेतल्याची तारीख, दिल्याची तारीख. आणि वर तीन नियम लिहिले. एक, पंधरा दिवसांच्या वर ठेवायचं नाही. दोन, खुनी कोण ते पुढच्याला सांगायचं नाही. तीन, पुस्तक वॉचमनकडे ठेवायचं नाही, लेटरबॉक्सवर ठेवायचं नाही, दाराच्या कडीला पिशवीत अडकवायचं नाही. ते स्वतः जाऊन, बेल वाजवून, पुढच्याच्या हातात द्यायचं.

तिसरा नियम लोकांना फार जाचक वाटला. एका सभासदांनी मला विचारलंही, "आप्पा, पुस्तक देताय की कोर्टाचं समन्स बजावताय?" म्हटलं, बँकेत तिजोरीची किल्ली अशीच द्यायची पद्धत होती, हातात आणि सही घेऊन.

पुढची अडचण भाषेची. सगळ्यांना इंग्रजी पुस्तक वाचायला जमत नाही. मग काय केलं, तर संध्याकाळी बाकांवर जी मंडळी बसतात, त्यांना मी रोज एक प्रकरण मराठीत सांगायला लागलो. पोथी सांगतात तसं. फक्त फलश्रुतीऐवजी दुसऱ्या दिवसाची हुरहूर. आपल्या बी विंगमधल्या मावशी या बैठकीला नियमाने यायच्या. चौथी शिकलेल्या, जन्म शेतात गेलेला, आता मुलाकडे राहतात. मी सांगितलं, की पोलीस गोठ्यात जातात तेव्हा त्यांना दिसतं, घोडीपुढे चारा टाकलेला आहे, आणि तो त्या रात्रीच कोणीतरी टाकलाय. हे ऐकल्याबरोबर मावशींनी हात वर केला. म्हणाल्या, "थांबा आप्पा. दोन मानसं मारीसन जो घोडीले चारा टाकस, तो कोन शे? त्याले जनावरनी सवय शे. नाहीतर त्याले घोडी गप करनी व्हती." बघा, चाळीस-पन्नास पानं स्वीडनचं पोलीस खातं ज्या प्रश्नाभोवती फिरतं, तो मावशींनी बाकावर बसल्या बसल्या विचारला. त्यांचा तर्क बरोबर की चूक, हे नियम क्रमांक दोनमुळे सांगत नाही. पण त्या दिवसापासून बैठकीत मावशींची खुर्ची पुढे आली. आणि जाताना त्या रोज बजावायच्या, "आप्पा, खुनी कोन शे, ते सांगू नका हां!"

आता जरा गंभीर बोलतो. त्या कादंबरीत मरणाच्या दारातली म्हातारी दवाखान्यात एकच शब्द बोलते, "परदेशी". तेवढाच. त्याचा अर्थ काय, कोणालाच नक्की ठाऊक नाही. पोलीस तो शब्द दाबून ठेवायला बघतात, पण तो बाहेर फुटतो. झालं. आसऱ्याला आलेल्या निर्वासितांच्या छावण्यांवर लोक धावून जातात. आग लावतात. ज्याचा या खुनाशी काडीचा संबंध नाही, असा एक परका माणूस रस्त्यावर मारला जातो. एका अर्ध्या शब्दाने.

मी हे बाकावर सांगितलं तेव्हा कोणी "हे तिकडचं" असं म्हटलं नाही. सगळे गप्प झाले, कारण सगळ्यांना एकच गाव आठवलं. आपल्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यात, राईनपाडा. १ जुलै २०१८. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे, असे मेसेज तेव्हा मोबाइलवरून फिरत होते. भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने त्या संशयावरून ठार मारलं. ती माणसं सोलापूरकडची, पोटासाठी एवढ्या लांब आलेली. मेसेज खोटा होता. मँकेलने सत्तावीस वर्षं आधी, हजारो मैलांवर जे कागदावर लिहिलं, ते आपल्या शेजारच्या जिल्ह्यात घडलं.

मला या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघाव्याशा वाटतात. मेसेजही माणसं एकमेकांना देतात आणि पुस्तकही देतात. मेसेज पुढे ढकलायला अंगठा पुरतो. ज्याने पाठवला त्याला खरं-खोटं विचारायची सोय नाही, ज्याला पाठवला त्याचा चेहरा समोर नाही. चेहरा नसलेले मारेकरी, हे नाव मला तिथे नव्याने कळलं. पुस्तक पुढे द्यायचं, तर आधी स्वतः वाचावं लागतं. मग जिने चढावे लागतात, दार वाजवावं लागतं. समोरचा विचारतो, "कसं आहे हो?" आणि आपल्याला उत्तर द्यावं लागतं. जो मजकूर तुम्ही एखाद्याच्या दारात उभं राहून, त्याच्या डोळ्यांत बघून देऊ शकत नाही, तो मोबाइलवरूनही पुढे पाठवू नये, एवढं मी या पुस्तकापासून शिकलो आणि आमच्या ग्रुपवर पाळतो.

त्या कादंबरीतलं अजून एक माणूस आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. वालँडरचे वडील. एकटे राहणारे चित्रकार. आयुष्यभर एकच निसर्गचित्र पुन्हा पुन्हा काढत आलेले, एवढाच फरक, की कधी त्यात रानकोंबडा असतो, कधी नसतो. मुलाशी पटत नाही. मुलगा भेटायला येत नाही म्हणून चिडतात, आला की भांडतात. आणि एका रात्री हे म्हातारबाबा रात्रीच्या कपड्यांत, हातात सूटकेस घेऊन चिखलातून चालत निघालेले सापडतात. कुठे निघालात? तर म्हणे इटलीला. अख्ख्या जिल्ह्याचे खून शोधणाऱ्या मुलाला आपल्या बापाचं विसरणं दिसलं नव्हतं. आणि मँकेलने हे तिथेच सोडलं नाही. २००९ मध्ये त्याने या मालिकेतली शेवटची मोठी कादंबरी लिहिली, त्यात तोच विस्मरणाचा आजार स्वतः वालँडरला गाठतो.

आपल्या सोसायटीत छत्तीस फ्लॅट आहेत. पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो, तेव्हा संध्याकाळी क्रिकेटच्या चेंडूने रोज एक काच फुटायची. ती पोरं आता पुण्यात, बेंगळुरूत, माल्मोत आहेत. आज अकरा फ्लॅटमध्ये फक्त साठीच्या पुढची माणसं राहतात, आणि त्यातल्या पाच घरांत एकेकटी. हा आकडा मी कुठून आणला? त्या शेवटच्या पानावरून. पुस्तक द्यायला प्रत्येक दारी गेल्यावर कळत गेला.

आता ज्यासाठी मी आज उभा राहिलो, ती गोष्ट. बाईंची परवानगी घेऊन सांगतो. त्या इथे पहिल्या रांगेत बसल्या आहेत, वॉकर बाजूला ठेवून.

गेल्या वर्षीच्या थंडीतली. यादीत अकरावा नंबर आपल्या ए विंगमधल्या एका कॉलेजच्या मुलाचा होता, बारावा बाईंचा. बाई शाळेतून निवृत्त, दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. मुलगा सकाळी साडेआठला पुस्तक द्यायला गेला. बेल वाजवली, दार उघडलं नाही. कडीला दुधाची पिशवी तशीच होती. सकाळपासून त्या दारावरून बरीच माणसं ये-जा करून गेली होती. पिशवी सगळ्यांना दिसली होती. प्रत्येकाला वाटलं, बाई गावाला गेल्या असतील, दूधवाल्याला सांगायचं विसरल्या असतील. कोणाचा दोष नाही, आपलं सगळ्यांचं असंच चालतं. हा मुलगाही परत फिरला असता. पण पुस्तक वॉचमनकडे ठेवायला बंदी होती आणि त्याचा पंधरावा दिवस होता. म्हणून तो अर्ध्या तासाने परत गेला. पुन्हा बेल. पुन्हा काही नाही. मग तो दाराला कान लावून उभा राहिला. नंतर त्याने मला सांगितलं, "आप्पा, रोज सकाळी बाईंच्या घरातून रेडिओ ऐकू येतो, खालीसुद्धा येतो. आज नव्हता."

तो धावत माझ्याकडे आला. सेक्रेटरींना बोलावलं, बाईंच्या मुलाला बेंगळुरूला फोन लावला, सुतार आणून कुलूप काढलं. बाई बाथरूमच्या दारात पडलेल्या होत्या. पहाटे पाचपासून. खुब्याचं हाड मोडलेलं. थंडीने आणि वेदनेने आवाज निघत नव्हता. दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत, संध्याकाळपर्यंत तशाच राहिल्या असत्या तर अवघड होतं.

नंतर लोकांनी त्या मुलाचं फार कौतुक केलं. तो बिचारा अवघडून म्हणायचा, "मी काहीच केलं नाही. मी फक्त पुस्तक द्यायला गेलो होतो." त्याचं बोलणं अगदी खरं आहे, आणि म्हणूनच मी ते इथे सांगतो. चौकशी करायला म्हणून आपण कोणाच्या दारी जात नाही. संकोच वाटतो. त्यांना आगाऊपणा वाटेल, असं वाटतं. हातात पुस्तक असलं की जायला कारण मिळतं. बाईंनी ते पुस्तक पुढे पलंगावर पडल्या पडल्या वाचलं. बाराव्या नंबरसमोर 'दिल्याची तारीख' दोन महिन्यांनंतरची आहे. पंधरा दिवसांचा नियम मोडलेली ती एकच नोंद, आणि तिच्यापुढे मी लाल शाईने 'मंजूर' असं लिहिलंय.

त्या यिस्टाड गावात एक जुनी प्रथा अजून चालू आहे. तिथल्या सेंट मेरी चर्चच्या मनोऱ्यावर रात्री एक पहारेकरी असतो. सव्वानऊपासून एक वाजेपर्यंत दर पाव तासाला तो शिंग फुंकतो. त्याचा अर्थ, गावात सगळं ठीक आहे, निवांत झोपा. आपला वॉचमन रात्री काठी आपटत, शिट्टी वाजवत फेरी मारतो, ते तेच. पण वॉचमन गेटचं बघेल, कंपाउंडचं बघेल. बंद दाराच्या आत सगळं ठीक आहे का, ते शेजाऱ्यालाच ऐकू येणार.

आणि हातोहात देण्याची ही रीत काही स्वीडनहून आणायला नको. आपल्या खानदेशात ती आहेच. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचनं केली. साने गुरुजींनी ती लिहून घेतली, म्हणून ती भिंतीबाहेर तुमच्या-आमच्या घरात आली. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांच्या हातात नेऊन दिली आणि १९५२ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. कोणीतरी ऐकलं, कोणीतरी उतरवलं, कोणीतरी जाऊन कोणाच्या तरी हातात दिलं. शेजारी नाशिकला कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रम आहे. शंभर पुस्तकांची एक पेटी एका वस्तीत जाते, काही महिन्यांनी तिची दुसऱ्या पेटीशी अदलाबदल होते. पुस्तकं फिरत राहतात. नॉर्वेमध्ये तर ईस्टरच्या सुटीत सगळा देश रहस्यकथा वाचतो. १९२३ साली एका प्रकाशकाने रेल्वेवरच्या दरोड्याच्या कादंबरीची जाहिरात वर्तमानपत्रात बातमीसारखी छापली, लोक खरंच हादरले, आणि तेव्हापासून ही सवय पडली. आता त्या दिवसांत दुधाच्या खोक्यांवरही छोट्या रहस्यकथा छापतात. दुधाच्या पिशवीकडे लक्ष द्यायचा हाही एक मार्ग आहे.

तेव्हा रौप्यमहोत्सवानिमित्त माझी एक सूचना आहे. कमानीला, रोषणाईला, भरीत-पुरीच्या जेवणाला आपण खर्च केला, छान झालं. आता फक्त दहा पुस्तकं घ्या. सगळी रहस्यकथा असावीत असा माझा हट्ट नाही. सत्यजित राय यांचा फेलूदा अशोक जैनांनी मराठीत आणलाय, तो मुलांना द्या. भालबा केळकरांनी आणलेला शेरलॉक होम्स घ्या. ज्यांना संतवाङ्मय हवं त्यांना ते. व. वा. वाचनालयातून आणून आणखी वाचा. पण प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या पानावर रकाने आखा आणि मार्ग असा ठरवा, की एकटं राहणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या दारावर पंधरा दिवसांत एकदा तरी कोणीतरी पुस्तक घेऊन उभं राहील. वाचायला डोळे साथ देत नसतील त्यांना वाचून दाखवा. शाळेतल्या मुलांना हे काम द्या, ती जिने चढायला कंटाळत नाहीत. खर्च फार तर तीन-चार हजार. सिंकिंग फंडाला हात लावायची गरज नाही, पाहिजे तर पहिली पाच पुस्तकं माझ्याकडून.

'फेसलेस किलर्स' सध्या एकोणिसाव्या वाचकाकडे, सी विंगमध्ये आहे. धुळ्याच्या माझ्या बहिणीनेही निरोप पाठवलाय, "दादा, माझ्याकडून गेलं ते पुस्तक माझं वाचायचंच राहिलंय." तिचा नंबर विसावा. ती एकटी असते, म्हणून ते पोस्टाने पाठवणार नाही. येत्या रविवारी सकाळच्या एसटीने मी आणि तो कॉलेजचा मुलगा जाऊन तिच्या हातात देणार आहोत. एकविसावा रकाना रिकामा आहे. ज्यांना नाव लिहायचं असेल त्यांनी जेवणाआधी मला भेटा, पेन माझ्या खिशात आहे. जेवणानंतर मला झोप येते.